पहिली वाइल्डकॅट रायफल बनवताय? मीडियम बोअरचं काडतूस असं निवडा

कारखान्यात तयार विकलं जात नाही आणि ज्याची मापं कोणत्याही मानक संस्थेने नोंदवलेली नाहीत, ते वाइल्डकॅट काडतूस. बहुतेक वेळा चालू काडतुसाची पितळी केस घेतात, तिची मान रुंद किंवा अरुंद करतात, कधी खांदा पुढे-मागे सरकवतात आणि त्याच मापाची चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, नळीत कापून घेतात. मीडियम बोअर म्हणजे ढोबळमानाने .३३ ते .३७५ इंच व्यासाची गोळी. हरणापेक्षा मोठ्या, जाड हाडांच्या जनावरांसाठी हा गट वापरतात.

हा लेख अशांसाठी आहे जे रीलोडिंग, म्हणजे झाडलेली केस पुन्हा भरणं, करतात, निदान एका मानक काडतुसासाठी स्वतः केस तयार करून लोड बसवू शकतात, आणि आता पहिल्यांदाच वाइल्डकॅटचा विचार करताहेत. रीलोडिंगच नवीन असेल तर आधी एक मानक काडतूस घेऊन हात बसवा. वाइल्डकॅटमध्ये मागे वळून पाहायला छापील कोष्टक नसतं.

बहुतेक जण आकर्षक नावाचं काडतूस आधी निवडतात आणि त्यासाठी गोळ्या, केस, डाय (केसला आकार देणारे साचे) नंतर शोधत फिरतात. क्रम उलटा ठेवा: गोळी, मग केस, मग रीमर (चेंबर कापणारं हत्यार), आणि नाव सगळ्यात शेवटी. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

१. कागद आधी

पहिली गोष्ट कायद्याची. तुम्ही राहता तिथे शिकार, घरी काडतूस भरणं आणि रायफलची नळी किंवा चेंबर बदलणं, या तिन्ही गोष्टी कायदेशीर आहेत का, हे वेगवेगळं तपासा. एकाला परवानगी म्हणजे तिन्हींना नव्हे. बऱ्याच ठिकाणी परवान्यावर कॅलिबर लिहिलेलं असतं, आणि तुमची नवी चेंबर त्या नोंदीशी जुळत नसेल तर काम सुरू करण्याआधीच दुरुस्ती करून घ्यावी लागते. सीआयपी या शस्त्र-चाचणीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे नियम लागू असलेल्या देशांत नवी नळी किंवा नवी चेंबर झालेली रायफल प्रूफ हाउस, म्हणजे शस्त्रांची सुरक्षा तपासणाऱ्या केंद्राकडून, तपासून घ्यावी लागते, आणि तिथे वाइल्डकॅटसाठी तुमच्याकडून काडतुसाची मापं मागितली जातात.

एवढे कागद एका फाइलमध्ये ठेवा:
- शस्त्र परवाना आणि कॅलिबरच्या नोंदीची प्रत
- गनस्मिथशी (बंदुकांच्या कारागिराशी) झालेल्या कामाचा लेखी करार, त्यात काडतुसाचं पूर्ण नाव
- रीमरचं छापील आरेखन, सगळ्या मापांसह
- प्रूफ लागू असेल तर त्याचं प्रमाणपत्र
- नळीच्या खरेदीची पावती, त्यावर खाचेचा व्यास आणि ट्विस्ट (नळीतल्या खाचा किती इंचात एक फेरा घेतात ते)

यातलं रीमरचं आरेखन सगळ्यात महत्त्वाचं. उद्या गनस्मिथ बदलला किंवा रायफल विकायला काढली, तर चेंबरमध्ये नेमकं काय कापलंय हे सांगणारा तोच एक कागद.

२. गोळी ठरवा

कोणतं जनावर, किती अंतरावर, किती दाट जंगलात? या प्रश्नांची उत्तरं प्रामाणिकपणे द्या. शंभर ते अडीचशे मीटरच्या आत शिकार होणार असेल तर लांब पल्ल्याचे आकडे तुमच्या कामाचे नाहीत.

या गटात गोळीचे चार व्यास खरोखर विचारात घेण्यासारखे आहेत.

.३३८ इंच, म्हणजे ८.६ मिलिमीटर. पर्याय सगळ्यात जास्त इथे. साधारण १६० ते २५० ग्रेन (गोळी आणि पावडर मोजायचं वजनाचं छोटं एकक) वजनाच्या शिकारीच्या गोळ्या मिळतात, आणि लांबट असल्यामुळे त्या हवेत वेग चांगला टिकवतात.

.३५८ इंच. मोठी, आखूड, जड गोळी; जवळच्या अंतरावर कामाला पक्की. निवड .३३८ पेक्षा कमी. एक सोय मात्र आहे: पिस्तुलाच्या .३५७ व्यासाच्या हलक्या गोळ्या कमी वेगाच्या सराव लोडमध्ये चालवता येतात.

९.३ मिलिमीटर, म्हणजे .३६६ इंच. जर्मन परंपरेतला व्यास. २८६ ग्रेन, म्हणजे १८.५ ग्रॅमची गोळी ही त्याची ओळख.

.३७५ इंच. इथे एक सापळा आहे. या व्यासाच्या बऱ्याच गोळ्या १९१२ सालच्या .३७५ एच अँड एच मॅग्नमचा वेग गृहीत धरून बनवलेल्या आहेत. तीच ३०० ग्रेनची गोळी लहान केसमधून हळू सुटली, तर जनावराला लागल्यावर पुरेशी फुलत नाही आणि आरपार निघून जाते. प्रत्येक उत्पादक गोळी फुलण्यासाठीचा किमान वेग सांगतो. तो आकडा शोधा आणि तुमच्या सर्वांत लांबच्या अंतरावर गोळीचा वेग त्याच्या वर राहतो का ते पाहा. उदाहरण म्हणून .३५ व्हेलनची, म्हणजे .३०-०६ ची मान .३५८ पर्यंत फुगवलेल्या काडतुसाची, २५० ग्रेनची गोळी घ्या. नळीतून ती सेकंदाला २४०० फूट वेगाने निघते, आणि जुन्या आकाराच्या टोकदार गोळीचा वेग दोनशे यार्डांवर २००० फुटांच्या आसपास येतो. हे गणित करण्याआधी नळी मागवू नका.

गोळी बाजारात मिळते की नाही, यावर वाइल्डकॅटचं आयुष्य ठरतं. १९४० च्या दशकात ओ'नील, कीथ आणि हॉपकिन्स या तिघांनी .३०-०६ ची मान फुगवून .३३३ ओकेएच बनवलं. काडतूस उत्तम होतं, पण त्याला .३३३ इंचाची ब्रिटिश मापाची गोळी लागत असे. १९५८ साली .३३८ विंचेस्टर मॅग्नम आलं, .३३८ च्या गोळ्यांचा पूर आला, आणि लोकांनी तीच केस पाच हजारांश इंच जास्त फुगवून .३३८-०६ बनवायला सुरुवात केली. केस तीच, ताकद जवळपास तीच. तरी ओकेएच आज फक्त जुन्या रायफलींच्या नळीवर सापडतं.

३. तयार काडतूस पुरतंय का, ते आधी पाहा

उत्साहाच्या भरात ही पायरी सगळे गाळतात. या गटातली कित्येक वाइल्डकॅट आता वाइल्डकॅट राहिलेलीच नाहीत. .३५ व्हेलन १९२२ मध्ये वाइल्डकॅट म्हणून जन्मलं, आणि रेमिंग्टनने १९८० च्या दशकाच्या शेवटी ते कारखान्यात आणलं. .३३८-०६ ची मापं १९९८ मध्ये ए-स्क्वेअर या कंपनीच्या नावाने अमेरिकेच्या सामी या मानक संस्थेकडे नोंदली गेली. .३०८ ची मान .३३८ पर्यंत फुगवायची जुनी कल्पना २००६ मध्ये .३३८ फेडरल म्हणून दुकानात आली. .३५८ विंचेस्टर तर १९५५ पासून आहे. आणि ९.३×६२, जे बर्लिनच्या ओटो बॉकने १९०५ मध्ये बनवलं, ते आजही तयार मिळतं आणि .३५ व्हेलनपासून मिळणारं बहुतेक सगळं देतं.

यातलं एखादं तुमचं काम करत असेल, तर तेच घ्या. केस तयार मिळते, डाय तयार मिळतात, पुस्तकात लोड छापलेले असतात आणि रायफल विकताना गिऱ्हाईकही मिळतं. माझं मत विचाराल तर पहिल्या कस्टम रायफलसाठी .३३८-०६ किंवा .३५ व्हेलन यांच्या पलीकडे जाण्याचं कारण दहातल्या नऊ जणांकडे नसतं. वाइल्डकॅटचा स्वभाव शिल्लक, डोकेदुखी मात्र निम्मी.

दहावे तुम्ही असाल, तर पुढे वाचा.

४. केस निवडा

केस निवडताना तिची क्षमता आणि तिची रिम या दोन गोष्टी बघायच्या.

.३०८ च्या केसमध्ये काठोकाठ भरलं तर साधारण ५६ ग्रेन पाणी मावतं, .३०-०६ मध्ये ६८, आणि .३३८ विंचेस्टर मॅग्नममध्ये ८६ च्या आसपास. बनावटीनुसार एक-दोन ग्रेन इकडेतिकडे.

आता एक उपयोगी नियम. त्याच व्यासाची, त्याच वजनाची गोळी आणि तोच दाब असेल, तर केसची जागा जितके टक्के वाढते त्याच्या साधारण चौथाई टक्के वेग वाढतो. म्हणजे .३३८-०६ वरून .३३८ विंचेस्टर मॅग्नमवर गेलात तर जागा वीस-बावीस टक्क्यांनी वाढते, वेग पाच टक्क्यांनी. २७०० चे २८३० फूट. त्या १३० फुटांसाठी जास्त पावडर, जास्त धक्का, लांब नळी आणि मॅगझिनमध्ये एक काडतूस कमी. काहींना हा सौदा पटतो. मला नाही.

याची दुसरी बाजूही समजून घ्या. केस तीच ठेवून नळीचं भोक मोठं केलं की गॅसला ढकलायला गोळीचं बूड मोठं मिळतं आणि प्रसरणाला जागा मिळते. म्हणून .३०-०६ ची केस मीडियम बोअरमध्ये तिच्या मूळ रूपापेक्षा किफायतशीर चालते, आणि नळी २२ इंचांवर आणली तरी वेगाचं फार नुकसान होत नाही. पावडर मात्र मूळ काडतुसापेक्षा थोडी वेगाने जळणारी लागते.

रिमचा प्रश्न यांत्रिक आहे. .३०८ आणि .३०-०६ घराण्याच्या रिमचा व्यास .४७३ इंच, म्हणजे १२ मिलिमीटर. पट्टेवाल्या मॅग्नमचा .५३२. साध्या अॅक्शनवर (बोल्टसकट रायफलच्या यंत्रणेवर) मॅग्नम केस बसवायची तर बोल्टचा चेहरा मोठा करावा लागतो, केस बाहेर खेचणारा एक्स्ट्रॅक्टर बदलावा लागतो, मॅगझिनच्या कडा घासाव्या लागतात. केसचं बूड मोठं असल्याने त्याच दाबाला बोल्टवर येणारा जोरही वाढतो. हातातली अॅक्शन .३०-०६ ची असेल तर त्याच घराण्यात राहा.

लांबीही मोजा. .३०-०६ घराण्याचं पूर्ण काडतूस ३.३४ इंचांपर्यंत जातं. आखूड अॅक्शनच्या मॅगझिनमध्ये २.८ च्या आसपासच बसतं. आखूड अॅक्शन असेल तर .३०८ वर आधारलेलं काहीतरी घ्या, आणि जड लांब गोळी केसच्या आत किती घुसते ते कागदावर काढून बघा. तांब्याच्या एकसंध गोळ्या त्याच वजनाला शिशाच्या गोळीपेक्षा लांब असतात. त्या पावडरची जागा खातात.

खांद्याची रुंदी

केसची मान जितकी फुगवाल तितका खांदा कमी उरतो, आणि बिनरिमच्या, बिनपट्ट्याच्या केसला चेंबरमध्ये थांबवून धरणारा खांदाच असतो. बोल्टच्या चेहऱ्यापासून खांद्यावरच्या ठरलेल्या बिंदूपर्यंतचं अंतर म्हणजे हेडस्पेस. .३०-०६ मध्ये खांद्याची पायरी प्रत्येक बाजूला सव्वा मिलिमीटरच्या थोडी वर असते. .३५ व्हेलनमध्ये ती पाऊण मिलिमीटरपेक्षाही कमी. .३७५ व्हेलनमध्ये जेमतेम अर्धा मिलिमीटर. .४०० व्हेलनमध्ये इतकी कमी की ती हेडस्पेस धरते की नाही यावरचा वाद अजून चालू आहे. .३५ व्हेलनबद्दलही जुनी ओरड ऐकाल; चेंबर आणि केस नीट बनवली असेल तर तिथे अडचण नाही. .३७५ च्या पुढे या केसवर पहिला प्रयोग करू नका.

५. इम्प्रूव्हड हवं का?

'इम्प्रूव्हड' म्हणजे सुधारित आकाराची केस. पार्कर ॲकली या गनस्मिथच्या पद्धतीत केसचा उतार कमी करून भिंती सरळ करतात आणि खांदा ४० अंशांचा करतात. मूळ .३०-०६ चा खांदा साडेसतरा अंशांचा आहे. जागा समजा आठ टक्के वाढली. वरच्या नियमाने वेग दोन टक्के वाढतो. म्हणजे २४०० चे २४५० फूट. तेवढा फरक एकाच मापाच्या दोन नळ्यांमध्येही सापडतो.

तरी इम्प्रूव्हडची बाजू घेणारे दोन मुद्दे खरे आहेत. केस कमी ताणली जाते, त्यामुळे छाटायला कमी लागते. आणि .३७५ सारख्या मोठ्या मानेला सरळ भिंतीमुळे खांदा जास्त मिळतो. म्हणजे वेगासाठी नको, खांद्यासाठी घ्या.

खऱ्या इम्प्रूव्हड चेंबरमध्ये मूळ काडतूस सुरक्षित झाडता येतं, कारण तिचं हेडस्पेस मूळ काडतुसाच्या गो गेजपेक्षा (चेंबरची किमान लांबी तपासायच्या मापापेक्षा) चार हजारांश इंचाने कमी ठेवलेलं असतं. केस मान आणि खांद्याच्या जोडावर किंचित दाबून धरली जाते. गनस्मिथने हे न समजता मूळ गेजवरच चेंबर कापली तर केस पहिल्याच फैरीत बुडाजवळ ताणली जाते. त्याला आधी विचारा की तो कोणता गेज वापरणार. उत्तर द्यायला तो घुटमळला तर दुसरा गनस्मिथ शोधा.

६. नळी आणि रीमर

ट्विस्ट गोळीच्या लांबीवर ठरतो. .३३८ ला दहा इंचात एक फेरा हे रूढ आहे आणि पुरेसं आहे. .३५८ ला सावध राहा. रेमिंग्टनच्या .३५ व्हेलनला सोळा इंचात एक फेरा होता, .३५८ विंचेस्टरला बारा. जड किंवा तांब्याच्या लांब गोळ्या वापरायच्या असतील तर बारा मागा. .३७५ लाही बारा.

बाहेरून एकाच जाडीची नळी घेतलीत तर मोठ्या भोकाची नळी हलकी भरते. पातळ नळी, हलका दस्ता आणि २५० ग्रेनची गोळी हे त्रिकूट खांद्याला महाग पडतं. दुर्बिणीसकट पावणेचार किलोच्या खाली उतरू नका.

रीमर मागवताना हे लेखी ठरवा: मानेचा व्यास, थ्रोटची लांबी, आणि कोणत्या गोळीवर ती काढली. थ्रोट म्हणजे मान संपल्यापासून रायफलिंग गोळीला पकडेपर्यंतचा भाग. तुमच्या मॅगझिनमध्ये बसणाऱ्या लांबीचं एक डमी काडतूस, बिनपावडरचं आणि बिनप्रायमरचं, तुमच्याच गोळीसह बनवून रीमर घडवणाऱ्याला पाठवा. शब्दांत सांगण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं. त्याच रीमरच्या मापाचे गो आणि नो-गो गेज आणि डाय एकाच वेळी मागवा. मागणीनुसार बनणाऱ्या रीमरला आणि डायला महिने लागतात. शिकारीच्या हंगामाची तारीख धरून उलटं मोजा.

जुनी, वापरलेली वाइल्डकॅट रायफल विकत घेत असाल तर नळीवरच्या नावावर विश्वास ठेवू नका. एकाच नावाच्या तीन-चार आवृत्त्या असतात, विशेषतः 'इम्प्रूव्हड' शब्द असेल तिथे. रेमिंग्टनने मापं पक्की करण्याआधीच्या .३५ व्हेलन रायफलींचीही तीच गत. सेरोसेफ या कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूचा साचा काढून चेंबर मोजून घ्या.

७. केस बनवणं

लागणारी साधनं: निमुळता एक्सपांडर, पूर्ण साइझिंग डाय, सीटिंग डाय, केस छाटण्याचं यंत्र, मानेची जाडी मोजायचा मायक्रोमीटर, हेडस्पेस कम्पॅरेटर, मान तापवून मऊ करण्याची सोय, क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र).

.३०-०६ ची केस .३३८ ला एका दमात फुगते. .३५८ ला बहुधा एकदाच, पण .३३८ वर थांबून गेलात तर मानी सरळ राहतात. .३७५ ला दोन-तीन टप्पे लागतातच. मान फुगताना केस आखूड होते. लांब मान हवी असेल तर .२७० ची केस घ्या, ती मुळातच थोडी लांब असते. .२८० रेमिंग्टनची केस मात्र यात मिसळू देऊ नका, तिचा खांदा पन्नास हजारांश इंच पुढे आहे.

फुगवण्याआधी मान तापवून मऊ करा, नाहीतर चिरा पडतात. फक्त मान आणि खांदा तापवा. केसचं बूड तापलं तर ते मऊ होतं, आणि मऊ बुडाची केस दाबाखाली फुटते. अशी केस लगेच चेचून टाका, 'बघू' म्हणून ठेवू नका.

खांदा कमी उरत असेल तर आधी मान हव्या त्या मापापेक्षा जास्त फुगवायची आणि डायमधून थोडी थोडी परत दाबत आणायची, बोल्ट किंचित जोर लावून बंद होईपर्यंत. यामुळे एक खोटा खांदा तयार होतो आणि पहिल्या फैरीत केस मागे बोल्टवर टेकून राहते. ती टेकलेली नसेल तर बुडाच्या वर एक चकचकीत कडं दिसतं. वाकवलेल्या तारेचं टोक आतून फिरवलं तर तिथे खळगा लागतो. ती केस पुन्हा वापरायची नाही.

८. लोड

इथे मी एकही आकडा देणार नाही, आणि तुम्हीही अनोळखी माणसाने दिलेला आकडा वापरू नका. तुमची चेंबर, थ्रोट आणि नळी त्याची नाही. ज्या काडतुसांचे लोड छापील पुस्तकांत आहेत त्यांच्या सुरुवातीच्या लोडपासून निघा. नसतील तर गोळी आणि पावडरच्या उत्पादकांना रीमरच्या आरेखनासह लिहा. क्विकलोडसारखी गणिती प्रणाली अंदाज देते. तो अंदाजच असतो.

सपाट झालेला प्रायमर, जड उघडणारा बोल्ट यांना 'दाबाची खूण' म्हणतात, पण खूण दिसेपर्यंत बहुधा मर्यादा ओलांडलेली असते. .३०-०६ ची सामी मर्यादा चौरस इंचाला ६०,००० पौंड, .३५ व्हेलनची ६२,०००. तुमच्याकडे दाब मोजायचं यंत्र नाही, क्रोनोग्राफ आहे. तेवढ्याच जागेच्या आणि तेवढ्याच नळीच्या मानक काडतुसापेक्षा तुमचा वेग जास्त दिसू लागला, तर तो फुकट मिळालेला नाही. तिथे थांबा आणि मागे या.

९. नाव कोरा, डबे वेगळे ठेवा

नळीवर काडतुसाचं पूर्ण नाव कोरून घ्या. '.३३८' एवढंच कोरलं तर रायफल .३३८-०६ ची की .३३८ फेडरलची, हे पुढच्या मालकाला कळणार नाही. तुमच्या केसच्या बुडावर .३०-०६ असंच छापलेलं असणार, म्हणजे बूड बघून काडतूस ओळखता येणार नाही. डबे वेगळे, त्यांवर मोठ्या अक्षरात नाव, आणि रेंजवर एका वेळी टेबलावर एकाच रायफलची काडतुसं. दुसऱ्या देशात शिकारीला जाणार असाल तर परवान्यावरचं नाव आणि बुडावरचा छाप जुळत नाही म्हणून सीमेवर अडवणूक होऊ शकते. त्या देशाच्या कार्यालयाकडून आधी लेखी विचारून घ्या, किंवा त्या प्रवासाला मानक काडतुसाची रायफल न्या. सामान हरवलं तर तिकडच्या दुकानात तुमचं काडतूस मिळणार नाहीच.

शेवटी नोंदवही. प्रत्येक केसच्या गठ्ठ्याला क्रमांक, किती वेळा झाडली, मान कधी तापवली, मानेची जाडी किती, आणि रीमरचा क्रमांक. नळी बदलायची वेळ येईल तेव्हा गनस्मिथ सगळ्यात आधी हीच वही मागेल.